खुशालीचा सांगावा

"आजोबा, वहाणा बाहेर काढा."

सूर्यभानने वहाणा दाराबाहेर काढल्या आणि आत पाहिलं, तर खोलीच्या मधोमध, धुतलेल्या फरशीवर, वहाणांचा एक जोड ऐटीत मांडलेला. टाचा झिजलेल्या, एकीचा अंगठा तुटलेला. त्या त्याच्या लेकाच्या होत्या. लेकाच्या वहाणा आत आणि बापाच्या बाहेर, हा न्याय काही त्याच्या ध्यानात आला नाही. पण तो झरीहून सकाळच्या गाडीनं परभणीला आला होता तो वहाणांवरून भांडायला नव्हे. त्याला त्याची काठी हवी होती.

काठी समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली होती. वरच्या टोकाला घुंगरं तशीच. बाकी खोली रिकामी. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून चित्रकलेच्या वर्गातले बाक व्हरांड्यात रचून ठेवले होते आणि भिंतींवरची कुंभ, आंबा, टेकडीमागचा सूर्य अशी पोरांची चित्रं उतरवून ठेवली होती.

"ती काठी मपली हाय," सूर्यभान म्हणाला. "घिऊन जायला आलोय."

वहाणा काढायला सांगणारे गृहस्थ म्हणजे या वर्गाचे ड्रॉइंगमास्तर विष्णुपंत. सूर्यभानचा उद्धव शिकायला परभणीत राहत होता तेव्हा आंब्याची छाया कुठल्या बाजूला पडते ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पुढे पोरगा मुंबईला मोठ्या चित्रशाळेत गेला आणि छाया सोडून भलतंच काही करू लागला, तरी मास्तरांची माया आटली नव्हती. प्रदर्शनाला वर्गही त्यांनीच मिळवून दिला होता. त्यांनी चष्मा वर करून सूर्यभानकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही उद्धवचे वडील! या, या. पुढच्या खुर्चीवर बसा. काठी संध्याकाळपर्यंत राहू द्या, प्रदर्शन आजच संपतंय. औरंगाबादहून बाई आल्यात तिच्यावर बोलायला."

"काठीवर?"

"काठीवर म्हणजे, या सगळ्यावर."

सूर्यभानने सगळ्या खोलीभर नजर फिरवली. एका काठीवर बोलायला औरंगाबादहून बाई येते, म्हणजे सरकारनं गाड्या फुकट सोडल्यात की काय, असं त्याला वाटून गेलं. तो पुढच्या खुर्चीवर बसला नाही. दाराजवळ एक बाक शिल्लक होता, त्याच्या टोकाला टेकला. काठीशेजारी मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. धर्म घेतल्यावर रात्रीच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यानं एकेक करून जुळवली. 'सांगावा. झरी आणि भोवतालची गावं. निरोप : तुमच्या माणसांपैकी कोणी गेलेलं नाही. सगळे खुशाल आहेत.'

वाचून त्याचं रक्त पुन्हा तापलं.

सांगावा म्हणजे काय ते त्याला कुणी भिंतीवर लिहून सांगायला नको होतं. गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की परगावच्या सोयऱ्यांना कळवायचं काम त्याच्या घराण्याकडे. बाप करायचा, बापामागे त्यानं केलं. ऊन असो की चिखल, घुंगराची काठी घ्यायची आणि निघायचं. सोयऱ्याच्या दारी पोचलं की ओट्यापासून लांब अंगणात उभं राहायचं, काठी आपटायची, "झरीचा सांगावा हाय" म्हणायचं, नाव सांगायचं आणि पाठ फिरवायची. त्या घरी पाणी प्यायचं नाही, थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर मरण त्याच घरी मुक्कामाला राहतं म्हणे. पाठीमागं रडारड सुरू व्हायची ती वेशीपर्यंत सोबत करायची.

छप्पन्न साली बाबासाहेबांचा धर्म घेतला तेव्हा झरीत हे काम सोडायला पहिला उभा राहिला तो सूर्यभान. पाटलाच्या ओट्यासमोर त्यानं सांगितलं, तुमची मढी तुमी कळवा. पुढं एक वर्षभर गावात कुणी त्याला मजुरीला लावला नाही. मग तो सडकेच्या कामावर लागला, आणि त्यातच म्हातारा झाला. काठी मात्र जाळली नाही. बापाची होती, आणि वेळू असा की पुन्हा मिळायचा नाही. ती वळचणीला खोचून ठेवली. बायको सुलाबाई तिनं चिंचा झोडपायची, घुंगरं वाजायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

या उन्हाळ्यात उद्धव सुट्टीला आला, वळचणीची काठी काढली आणि निघाला गावोगाव. त्याच घरांपुढं, त्याच अंगणात उभं राहून काठी आपटायचा आणि सांगायचा, कोणी मेलं न्हाई, सगळे खुशाल हायत. झरीत बातमी यायला वेळ लागला नाही. विहारात माणसं सूर्यभानला विचारू लागली, बाबा रे, जे थुंकलो ते तुझा पोरगा चाटायला कामून लागला? आणि पारावर भगवानराव पाटील मिशीत हसून म्हणाला, "शेवटी काठी हातात आलीच की, सूर्यभाना." ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून बापलेकांत अबोला. आज रात्रीच्या गाडीनं उद्धव मुंबईला परत जाणार होता. त्याआधी काठी ताब्यात घ्यायची, घरी न्यायची आणि चुलीत घालायची, एवढं ठरवून सूर्यभान आला होता.

माणसं जमली. फार नव्हती, पण परभणीत रिकामी खोली बघायला इतकी माणसं येतात हेच पुष्कळ. उद्धव एका बाजूला भिंतीला टेकून उभा होता. दाराकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो सरळ झाला, पण पुढं आला नाही.

आधी विष्णुपंत बोलले. बोलले भरपूर. उद्धव बौद्ध, त्यामुळं खोली रिकामी म्हणजे शून्य, शून्य म्हणजे निर्वाण, आणि वहाणा म्हणजे तथागतांची पावलं, असा त्यांनी धागा जुळवला. बोलता बोलता स्वतःच अडकले, रुमालानं मान पुसली, आणि पुढचं बाई सांगतील म्हणून खाली बसले. सूर्यभानला त्या अंगठा तुटलेल्या वहाणा पुन्हा एकदा नीट बघाव्या लागल्या.

मग बाई उठल्या. हेमा पाठक त्यांचं नाव. मासिकांतून चित्रांवर लिहायच्या. वय फार नव्हतं, आवाज बारीक होता, आणि त्या हातवारे करत नव्हत्या.

"मी आल्यापासून एकाच गोष्टीचा विचार करते आहे," त्या म्हणाल्या. "यात निरोप नक्की कोणता? भिंतीवर लिहिलाय तो, असं आपल्याला वाटतं. पण उद्धवनी मला सांगितलं की पहिल्या काही घरांत तो ऐकायला कुणी थांबलंच नाही. टाकळीत एक वृद्ध बाई आहेत, त्यांचं माहेर झरीचं. त्यांनी काठी घेतलेला माणूस अंगणात पाहिला आणि भावाच्या नावानं गळाच काढला. यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. म्हणजे निरोप शब्दांत कधी नव्हताच. तो काठीतही नव्हता. निरोप म्हणजे तो माणूस. तो दिसला की मरण दिसलं."

बाई मधल्या वहाणांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता त्या माणसाच्या बाजूनं बघा. जन्मभर तो लोकांच्या दारात गेला, आणि त्याला येताना पाहून कुणाला कधी आनंद झाला नसेल. 'ये, बरं झालं आलास' असं एकदा तरी कुणी त्याला म्हटलं असेल का?"

सूर्यभाननं मनातल्या मनात दारं आठवून पाहिली. चारठाण्याचं ते कमानीचं दार, चुडाव्याच्या स्टेशनामागचं पिंपळाखालचं घर, टाकळी. बाया पदर तोंडात कोंबायच्या, पोरं आत पळायची, कुत्रीसुद्धा आधी भुंकायची आणि मग रडायची. म्हटलं नव्हतं. कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. हे त्यानं सुलाबाईला कधी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. या औरंगाबादच्या बाईला ते कुणी सांगितलं याचा त्याला आधी राग आला, आणि मग राग गेला आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं.

"उद्धवनी निरोप उलटा केला, एवढ्यावर मी थांबणार नाही," बाई पुढं म्हणाल्या. "ते त्या माणसाला जिवंत माणसांत परत आणायला निघाले होते. जमलं का? मला शंका आहे. कारण तो माणूस आता उरलेला नाही. काठी उरली."

दाराजवळच्या बाकावर सूर्यभानला क्षणभर वाटलं, आपण खोकावं की काय. पण तो खोकला नाही.

शाळेच्या मंडळावरचे तात्याराव वकील उठले. "बाई, तुमचं बोलणं छान आहे. पण माझी साधी शंका. कुणी मेलं नाही हे सांगायला एवढी पायपीट कशाला? पोस्टकार्ड टाकायचं."

माणसं हसली. हसणं ओसरेपर्यंत बाई थांबल्या.

"मेल्याचं सांगायला तरी पायपीट कशाला होती? पोस्टकार्ड तेव्हाही होतं."

तात्याराव बसले. कुणीतरी उद्धवला बोलायचा आग्रह केला, तर तो म्हणाला, "मी गावोगाव पायी फिरलो, तेवढंच." मग चहा आला, आणि कपबशांच्या आवाजात शून्य, निर्वाण सगळं बुडून गेलं.

उद्धव चहा न घेता बापाकडे आला.

"कवा आलात, बा?"

"सकाळच्या गाडीनं."

"काठी न्यायला?"

सूर्यभाननं भिंतीवरच्या काठीकडं पाहिलं. मग म्हणाला, "विहारात लोकं काय म्हणायलेत, ठावं हाय का तुला?"

"हाय."

"अन् भगवानराव?"

"त्येच्या दारी तर पयल्यांदा गेलतो, बा. म्हणलं, टाकळीची तुमची बहीण खुशाल हाय. तर म्हणला, तुला इचारलं कुणी?"

"अन् टाकळीची कडूबाई लय रडली म्हण."

"लय रडली. मग सांगितलं, तुमचा भाऊ धडधाकट हाय. इस्वासच बसंना. बसला तवा मला येडा म्हणली, अन् हसली. दात न्हाईत तिला, तरी लय येळ हसली."

"हसली," सूर्यभान म्हणाला.

उद्धव वळला, भिंतीपाशी गेला, खिळ्यांवरून काठी उचलली आणि बापापुढं धरली. चार माणसांनी चहाचे कप खाली घेतले. काठी हातात आली तशी सूर्यभानची मूठ आपोआप जुन्या जागी बसली, तिथं वेळू झिजून गुळगुळीत झाला होता. बापाची मूठ, मग त्याची, आणि आता तिथंच उद्धवचा घाम लागला होता. त्यानं ती जरा वेळ धरली. मग स्वतःच भिंतीपाशी जाऊन खिळ्यांवर ठेवली आणि सरळ आहे का पाहिली.

"मुंबईला नेतूस?"

"नेऊ का?"

"ने. घरी आणू नको. घुंगरं पुसून घे, गंज चढायलाय." आणि दाराशी वहाणा घालताना म्हणाला, "तुपल्या मायला चिंचंला मी दुसरी करून देतो."

उद्धवनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. बापानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि एसटी स्टँडची वाट धरली. उन्हाळ्यापासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखा झाला होता, पण त्या जागी बाईंचा तो एक प्रश्न येऊन बसला होता आणि तो काही हलत नव्हता.

स्टँडवर त्यानं डझनभर केळी घेतली. कुणासाठी, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. तिकीट झरीचं काढलं आणि उतरला मात्र टाकळीच्या फाट्याला. पटका नीट केला. सदरा धुतलेलाच होता. हातात काठी नाही, पाठीवर घोंगडी नाही, उलट पाहुण्यासारखी केळी. बाई कितीही हुशार असली तरी तिनं काही सूर्यभानला असा पाहिला नव्हता.

कडूबाई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. झरीच्या पाटलाची बहीण, या घरी देऊन तिला उभा जन्म झाला होता. आई गेली तेव्हा सांगावा सूर्यभाननंच आणला होता, बाप गेला तेव्हाही, आणि धाकटी बहीण बाळंतपणात गेली तेव्हाही. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून अंगणात पाहिलं.

"कोण हाय?"

"मी सूर्यभान, आक्का. झरीचा."

मांडीवरचा कापूस ओट्यावर सांडला. "गेला का रं माझा भगवान!" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला.

"न्हाई, न्हाई आक्का! कोणी गेलं न्हाई. असाच आलो मी."

"असाच? तू असाच कसा येशील?" म्हातारी रडता रडता थांबली आणि त्याच्याकडं रोखून पाहू लागली. "उन्हाळ्यात पोराला धाडलास. कोणी मेलं न्हाई म्हणला. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी पोरगा धाडला मन घट करायला, अन् आता तू आलास. खरं सांग, सूर्यभाना. मी काय लेकरू हाय का?"

"आक्का, बाबासाहेबांची आण. सगळे खुशाल हायत. हे बगा, केळी आणली तुमाला."

केळी पाहून म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं. "दवाखान्यात हाय का रं? केळीवर आलाय का माझा भाऊ?"

सून सत्यशीला आतून पळत आली. तिनं सासूला धरलं, सूर्यभाननं पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, शेजारी गोळा झाले, आणि जितकं जास्त माणूस समजावू लागलं तितकी म्हातारीची खात्री पटत गेली. तिनं मुलाला हाक मारून बैलगाडी जुंपायला लावली. झरी तिथून दोन कोसांवर. "असला तर तोंड बगून लगीच माघारी येते," ती गाडीत बसता बसता म्हणाली, आणि नसला तर काय ते रडण्यातच बुडालं. गाडी वेशीबाहेर पडली तरी आवाज येतच होता.

तो आवाज सूर्यभानच्या ओळखीचा होता. फरक इतकाच की आजवर तो पाठीवर घेऊन तो निघून जायचा. आज आवाज निघून गेला आणि तो अंगणात उभा राहिला.

शेजारी पांगले. सत्यशीलानं हळूच विचारलं, "मामा खरंच बरे हायत?"

"सकाळी म्याच बगितलं. पारावर बसून लोकांवर खेकसायलेत."

"मग तुमी आलात कामून?"

"असाच आलो, बाई."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पण ती म्हणाली, "बसा मग." आतून पाण्याचा तांब्या आणि पेला आणला. पेला हातात द्यावा की खाली ठेवावा यात तिचा जरा घोळ झाला. शेवटी तिनं तो ओट्याच्या कडेवर ठेवला आणि आत गेली.

सूर्यभाननं वहाणा काढल्या. अंगण ओलांडलं आणि ओट्यावर टेकला. इतक्या वर्षांत या घराच्या ओट्याला त्याचा हात लागला नव्हता. पाणी प्याला, पेला पालथा घातला, केळी बाजूला ठेवली.

ऊन उतरलं. फाट्याकडून शेवटच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, गाडी थांबली आणि झरीकडं निघून गेली.

सत्यशीला कंदील पुसत दारात आली. "गाडी गेली की वो तुमची."

"जाऊ द्या," सूर्यभान म्हणाला. "आक्का हसत येतील. तेवढं बगून जातो."

मग ओट्यावर सांडलेला कापूस त्यानं पुढं ओढून घेतला, आणि अजून दिसत होतं तोवर त्यातला काडीकचरा निवडत बसला.